हर्पिसची शंका? आधी तारीख लिहा, मग लॅबमध्ये या

सोमवारी सकाळी आमच्या लॅबच्या काउंटरवर गर्दी असते ती शुगर आणि थायरॉइडवाल्यांची. सगळे उपाशीपोटी, सगळ्यांना घाई. अशा गर्दीत एखादा तरुण मागेच रेंगाळत राहतो, "काका, तुम्ही घ्या आधी" असं म्हणत. गर्दी ओसरली की पुढे येतो आणि काही न बोलता मोबाइल माझ्यासमोर धरतो. स्क्रीनवर चाचणीचं नाव असतं: हर्पिस सिम्प्लेक्स १ व २, आयजीएम.

"कधीचं आहे?" मी विचारतो.

"परवाचं, सर. शनिवार रात्र."

शनिवारी रात्री संबंध आला आणि सोमवारी सकाळी रक्त दिलं, तर त्या रक्तात शनिवारचं काहीच नसतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तो शनिवारबद्दल काही सांगत नाही, पॉझिटिव्ह आला तरी सांगत नाही. पैसे मात्र दोन्ही वेळा जातात.

मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियन आहे. औषध कुठलं आणि किती, हे डॉक्टरांचं काम. पण कुठल्या दिवशी कुठला नमुना घेतला तर त्यातून काही हाती लागेल, एवढं रोजच्या कामातून पाठ झालं आहे. तेच इथे दिवसांच्या क्रमाने मांडतो.

आधी नावाचा घोळ

हर्पिस म्हटलं की घरातली मोठी माणसं लगेच विचारतात, "म्हणजे नागीण ना?" नागीण वेगळी. ती हर्पिस झोस्टर. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि पुढे कधीतरी अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा उठतो. तिचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही. आपण बोलतोय ते हर्पिस सिम्प्लेक्सबद्दल, आणि त्याचे प्रकार दोन. एचएसव्ही-१ बहुधा ओठांभोवती दिसतो. ताप उतरताना ओठाच्या कडेला पुटकुळ्यांचा पुंजका येतो ना, तो बहुतेक वेळा याचाच. एचएसव्ही-२ बहुधा जननेंद्रियांवर. दोन्हीकडे 'बहुधा' म्हटलं, कारण मुखमैथुनातून एचएसव्ही-१ खालीही पोचतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांना एचएसव्ही-१ आहे आणि १५ ते ४९ वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांना एचएसव्ही-२. यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे याचा पत्ताही नसतो. काहींना कधीच काही उठत नाही, काहींना वर्षातून एकदा बारीकशी चीर पडते आणि ती घामाची, चड्डीच्या इलॅस्टिकची म्हणून सोडून दिली जाते.

दोन चाचण्या, दोन मुहूर्त

हर्पिस शोधायचे मुख्य मार्ग दोन. एक, अंगावर फोड किंवा जखम असेल तर तिथला स्वॅब घेऊन विषाणूच पकडायचा. दुसरा, रक्तात त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी शोधायच्या. आयजीएम आणि आयजीजी हे या अँटिबॉडींचेच दोन प्रकार. पहिल्या चाचणीचा मुहूर्त फोड ठरवतो, दुसरीचा कॅलेंडर. फोड नसताना स्वॅब घेऊन उपयोग नाही, कारण विषाणू त्वचेवर अधूनमधूनच येतो. नेमका त्याच दिवशी तो तिथे नसला तर निगेटिव्ह रिपोर्टला काही अर्थ उरत नाही. आणि अँटिबॉडी तयार व्हायला शरीराला आठवडे लागतात, त्यामुळे रक्ताची घाई करून भागत नाही.

म्हणून पहिलं काम लॅब शोधायचं नाही, तारीख लिहून ठेवायचं. कधी, कुठल्या प्रकारचा संबंध, कंडोम होता का, समोरच्या व्यक्तीच्या ओठावर किंवा खाली काही उठलेलं दिसलं होतं का. चार ओळी पुरतात. तीन महिन्यांनी डॉक्टर हेच विचारतील आणि तेव्हा "फेब्रुवारीत कधीतरी" असं उत्तर देऊन चालणार नाही.

पहिले ७२ तास: हर्पिस सोडा, बाकीचं बघा

या तीन दिवसांत हर्पिससाठी करण्यासारखं काहीच नसतं. "आधीच गोळ्या घेतल्या तर होणारच नाही ना?" असं खूप जण विचारतात. संबंधानंतर अ‍ॅसायक्लोविर हे हर्पिसवरचं औषध घेऊन हर्पिस टाळता येतो असा पुरावा नाही. मेडिकलमधून पट्टी आणून स्वतःच सुरू करू नका. पुढे फोड आला तर त्या अर्धवट डोसने स्वॅबचाही विचका होऊ शकतो.

पण याच ७२ तासांत एक संधी खरोखरच निघून जाते, आणि ती म्हणजे एचआयव्ही टाळण्याची. संबंध धोक्याचा असेल, कंडोम नसेल किंवा फाटला असेल, तर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितक्या लवकर तितकं बरं, आणि ती २८ दिवस चालतात. जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, जिथे एचआयव्हीवरच्या औषधांचं म्हणजे एआरटी केंद्र आहे तिथे, जाऊन थेट विचारा. 'नॅको' या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे, तिथे पत्ता मिळतो. शनिवारवाल्या मुलाला मी हेच विचारलं होतं: "एचआयव्हीच्या औषधांचं कुणाला विचारलंत का?" त्याच्या डोक्यात दोन दिवस हर्पिसच घोळत होता. हे त्याला सुचलंच नव्हतं. त्या घडीला त्याच्या हातात जेमतेम दीड दिवस उरला होता.

गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचाही हाच काळ. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीही याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या.

दिवस २ ते १२: रोज एकदा नीट बघणं

लागण झाली असेल आणि लक्षणं दिसायचीच असतील, तर ती साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात, सरासरी चौथ्या दिवसाच्या आसपास. या काळात आंघोळीच्या वेळी, चांगल्या उजेडात, एकदा बघायचं. दर तासाला नाही. दर तासाला आरशात बघणाऱ्याला प्रत्येक केसाच्या मुळाशी हर्पिस दिसायला लागतो.

नेमकं काय बघायचं? सुरुवातीला फोड नसतोच. एखाद्या जागी चुरचुर, मुंग्या, खाज, कधी मांडीत किंवा पार्श्वभागात कळ. मग तिथे लालसर त्वचेवर बारीक, पाणी भरलेल्या पुटकुळ्यांचा पुंजका. तांदळाच्या कणीएवढ्या, एकमेकींना खेटून. एक-दोन दिवसांत त्या फुटतात आणि उथळ, ओल्या जखमा उरतात, ज्यांना लघवी लागली की आग होते. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी आणि जांघेत दुखऱ्या गाठीही येऊ शकतात. मग खपली धरते. पहिला झटका पूर्ण बरा व्हायला दोन ते चार आठवडे लागतात.

हे सगळं पुस्तकातलं चित्र. प्रत्यक्षात पुष्कळदा एखादीच चीर किंवा एकुलता एक ओरखडा असतो. उलट बाजूने, हर्पिस समजून आलेले कित्येक जण दुसरंच काही घेऊन येतात: दाढीच्या ब्लेडने केस काढल्यावर उठलेले पुळे, खरूज, जांघेतलं गजकर्ण. आणखी एक प्रकार आपल्याकडे बराच दिसतो तो औषधाचा चट्टा. घाबरून कुठलीतरी अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक गोळी घेतली की काहींना दर वेळी त्याच जागी काळपट-लाल चट्टा उठतो, कधी त्यावर फोडही येतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना गेल्या आठवड्यात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या. लाजून लपवू नका. निदान त्या पट्टीतच सापडू शकतं.

आणि न दुखणारी, कडक काठाची एकच जखम असेल तर तिला हलकं समजू नका. ती सिफिलिस या लैंगिक आजाराची असू शकते. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते आणि आजार आत चालूच राहतो.

फोड दिसला: पुढचे ४८ तास सोन्याचे

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण निदान इथेच होतं किंवा इथेच हुकतं.

फोड दिसल्यापासून ४८ तासांच्या आत स्वॅब घेतला तर विषाणू सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पाणी भरलेली पुटकुळी सर्वांत उत्तम, ओली जखम ठीक, खपली धरलेली असेल तर बरंच काही हातचं गेलेलं असतं. म्हणून शुक्रवारी रात्री फोड दिसला तर "सोमवारी बघू" म्हणू नका. शनिवारी सकाळची अपॉइंटमेंट घ्या.

जायचं कुणाकडे? पाटीवर 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ' लिहिलेल्या एमडी किंवा तत्सम पदवीच्या डॉक्टरांकडे. रेल्वेलाइनच्या भिंतीवर चुन्याने नंबर रंगवलेल्या 'गुप्तरोग'वाल्यांकडे नव्हे. स्त्रियांना स्त्रीरोगतज्ज्ञही चालतील. ससून, जेजे, केईएम, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभागाची ओपीडी असते आणि तिथल्या निवासी डॉक्टरांच्या डोळ्यांखालून अशा जखमा रोज जातात.

जाण्याआधी तीन गोष्टी. मोबाइलवर, पुरेशा उजेडात, फोडाचा एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरांच्या खोलीत पोचेपर्यंत पुटकुळी फुटलेली असते, तेव्हा हा फोटो फार कामी येतो. त्या जागेवर काहीही लावू नका: हळद, मध, जंतुनाशक, आणि विशेषतः मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब तर मुळीच नाही. खाज-गजकर्णासाठी म्हणून हातात पडणाऱ्या त्या मलमांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं असतं. त्याने जखमेचं रूप बदलतं आणि डॉक्टरही चकतात. तिसरं, फोन करून विचारा: "तुमच्याकडे हर्पिसच्या पीसीआरसाठी स्वॅब घेतात का?" पीसीआर म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी. सगळीकडे घेत नाहीत. ऐनवेळी हेलपाटा पडतो.

स्वॅब घेतात कसा ते सांगतो, म्हणजे धास्ती कमी होईल. ताज्या पुटकुळीचं टोक बारीक सुईने उघडतात आणि तिच्या तळाशी स्वॅब घासतात. नुसतं वरचं पाणी टिपून भागत नाही, विषाणू तळच्या पेशींत असतो. दहा-पंधरा सेकंद चांगलंच झोंबतं. मग ती काडी एका नळीत मोडून टाकतात. नळीतलं गुलाबी पाणी ओळखीचं वाटेल. कोविडमध्ये नाकातला स्वॅब ज्यात टाकायचे, तेच हे. काडी मात्र नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या टोकाची, प्लास्टिकच्या दांड्याची हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका दवाखान्यातून आलेला नमुना न बघता पुढे पाठवला होता: लाकडी काडी, कापसाचं टोक, कोरडी डबी. मुख्य लॅबने तो परत केला. त्या ताईंना पुन्हा बोलावलं तोवर खपली पडून गेली होती. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या खेपेला मिळालं नाही आणि चूक माझी होती. तेव्हापासून नळी हातात आली की मी आधी काडी बघतो. तुम्हीही विचारायला लाजू नका.

चाचणीच्या चिठ्ठीवर 'पीसीआर' आणि 'प्रकार १ की २' हे दोन्ही लिहून घ्या. प्रकार कळणं महत्त्वाचं, कारण पुढचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं. जननेंद्रियांवरचा एचएसव्ही-१ पहिल्या वर्षात साधारण एखाद्या वेळी पुन्हा उठतो, अनेकांना तेवढंही नाही. एचएसव्ही-२ पहिल्या वर्षात चार-एक वेळा डोकं वर काढू शकतो, नंतर बहुतेकांचं प्रमाण कमी होत जातं.

काही डॉक्टर 'झँक स्मिअर' करतात: जखमेचा तळ खरवडून काचेवर, रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली. स्वस्त, तासाभरात उत्तर. मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसल्या तर हर्पिस गटातला विषाणू आहे एवढं कळतं. पण सिम्प्लेक्स की नागीण, प्रकार १ की २, हे त्यातून कळत नाही आणि निगेटिव्ह आला म्हणून हर्पिस नाही असंही म्हणता येत नाही. पीसीआर मिळतच नसेल तिथे ठीक आहे.

पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे हर्पिस, यात फारशी शंका उरत नाही. निगेटिव्ह मात्र फोड ताजा होता की सुकलेला, यावर तोलायचा. सुकलेल्या जखमेचा निगेटिव्ह आला तर डॉक्टर म्हणतील, पुन्हा उठलं की पहिल्याच दिवशी या. ते ऐका.

जमलं तर त्याच दिवशी रक्ताची आयजीजीही करून घ्या. समजा स्वॅबमध्ये एचएसव्ही-२ सापडला आणि त्याच दिवशी रक्तात एचएसव्ही-२ ची आयजीजी नाही, तर लागण नवी आहे. स्वॅबही पॉझिटिव्ह आणि आयजीजीही पॉझिटिव्ह, तर विषाणू आधीपासून अंगात होता, फोड तेवढा आत्ता दिसला. ही जोडी ज्या दिवशी हुकते, त्यानंतर 'नवं की जुनं' या प्रश्नाचं उत्तर सहसा कायमचं हुकतं.

औषधासाठी मात्र रिपोर्टची वाट बघू नका. लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर स्वॅब घेऊन लगेच अ‍ॅसायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर सुरू करतात, पहिल्या वेळी साधारण ७ ते १० दिवस. लघवी अडकली, ताप-डोकेदुखीबरोबर मान आखडली, किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर अपॉइंटमेंट वगैरे विसरून थेट रुग्णालय गाठा.

फोड आलाच नाही: मग रक्त, पण १२ आठवड्यांनी

बारा दिवस गेले, काही दिसलं नाही. शक्यता चांगली आहे, पण खात्री नाही, कारण बहुतेकांना लागण होऊनही काही दिसत नाही. इथे रक्ताची प्रकारनिहाय आयजीजी कामाला येते. 'प्रकारनिहाय' म्हणजे १ आणि २ चे आकडे वेगवेगळे देणारी. दोन्ही मिळून एकच आकडा देणारी चाचणी घेऊ नका. एचएसव्ही-१ इतका सर्वत्र आहे की एकत्र आकडा पॉझिटिव्ह येणं हे जवळपास गृहीतच धरावं.

अँटिबॉडी अनेकांच्या रक्तात तीन-चार आठवड्यांत दिसू लागतात, पण सगळ्यांच्या नाही. म्हणून विश्वासाचा टप्पा १२ आठवडे. मध्ये अँटिव्हायरल गोळ्या घेतल्या असतील तर प्रतिपिंडं यायला थोडा आणखी वेळ लागू शकतो. अशा वेळी डॉक्टर १६ आठवड्यांनी परत बघायला सांगू शकतात.

सहा आठवड्यांनी केली तर? पॉझिटिव्ह आली तर विचार करण्याजोगी, निगेटिव्ह आली तर अर्धीच. ज्यांना रात्रीची झोप लागत नाही त्यांनी मधली एक करावी, पण १२ आठवड्यांची रद्द करू नये.

काही जण विचारतात, पहिल्याच आठवड्यात केली तर काहीच उपयोग नाही का? एक आहे. ती तुमची 'आधीची स्थिती' सांगते. पहिल्या आठवड्यात एचएसव्ही-२ निगेटिव्ह आणि १२ आठवड्यांनी स्पष्ट पॉझिटिव्ह, तर लागण मधल्या काळातली. पहिल्याच आठवड्यात पॉझिटिव्ह, तर ती त्या शनिवारची नव्हे. खर्च परवडत असेल आणि हे जाणून घ्यायचंच असेल तर करा. आणि हो, या चाचणीला उपाशीपोटी यावं लागत नाही. निदान चहा तरी पिऊन या. घाबरलेला माणूस उपाशीपोटी आला की सुई टोचताच चक्कर येते, हे मी दर महिन्याला बघतो.

आता माझं मत. कुठलंही लक्षण नाही, जोडीदाराला हर्पिस असल्याचं ठाऊक नाही, नुसती रुखरुख आहे, तर हर्पिसची रक्तचाचणी न करणंही शहाणपणाचं असू शकतं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये हेच सांगितलं: लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्तचाचणी करू नका. कारण या चाचणीत खोटे पॉझिटिव्ह बरेच येतात आणि त्याचा मनस्ताप खऱ्या आजारापेक्षा मोठा ठरतो. करावी कुणी? ज्यांच्या जोडीदाराला हर्पिस आहे, ज्यांना वारंवार काहीतरी उठतं पण स्वॅब कधी साधला नाही, आणि ज्यांना डॉक्टरांनी नेमकं कारण देऊन सांगितलं आहे.

आयजीएम आणि 'टॉर्च'चं प्रकरण

त्या मुलाच्या मोबाइलवर आयजीएम होतं. ते तिथे का होतं, तर पाठ्यपुस्तकात शिकवतात की आयजीएम म्हणजे ताजी लागण, आयजीजी म्हणजे जुनी. डेंग्यूला हे बऱ्यापैकी चालतं. हर्पिसला नाही. हर्पिसची आयजीएम जुन्या लागणीचा फोड पुन्हा उठला तरी वर येऊ शकते, प्रकार १ की २ हे धड सांगत नाही, आणि कधी काहीच नसताना पॉझिटिव्ह येते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेचा, म्हणजे सीडीसीचा, या चाचणीविषयीचा सल्ला सरळ आहे: करू नका. तरीही आपल्याकडच्या पॅकेजांत ती ठाण मांडून असते, कारण ती स्वस्त आहे आणि 'ताजं आहे का?' हा प्रश्न प्रत्येकाला पडतो.

याचा सगळ्यात वाईट फटका बसतो तो गरोदर बायकांना. गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या 'टॉर्च' नावाच्या चाचणी-संचात हर्पिसची आयजीएम असते. रिपोर्टवर ठळक अक्षरात पॉझिटिव्ह, हातात फाइल, बरोबर सासूबाई, आणि काउंटरवर मला प्रश्न: "बाळाला काही होणार नाही ना हो?" सुरळीत चाललेल्या गरोदरपणात टॉर्च सरसकट करायची गरज नसते, आणि एकट्या आयजीएमवरून गर्भाबद्दल कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये. कुणी तसा सल्ला दिला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्याच.

गरोदरपणात खरा धोका कुठे आहे तेही सांगतो. शेवटच्या तीन महिन्यांत, विशेषतः प्रसूतीच्या तोंडावर, आईला पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला ती होण्याची शक्यता बरीच असते, ३० ते ५० टक्के. आईला हर्पिस जुना असेल तर ती १ टक्क्याहून कमी. म्हणून जोडीदाराला हर्पिस असेल किंवा तुम्हाला कधी फोड आलेला असेल, तर नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगा. ३६व्या आठवड्यापासून गोळ्या देता येतात. कळा सुरू होताना फोड असेल तर सिझेरियन करतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

आयजीजीच्या रिपोर्टवर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह या शब्दांच्या शेजारी एक आकडा असतो, इंडेक्स. तोच वाचायचा. प्रत्येक किटची मर्यादा थोडी वेगळी असते, शेजारच्या रकान्यात ती छापलेली असते. प्रचलित किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं संदिग्ध. पण एचएसव्ही-२ चा आकडा १.१ ते ३ च्या दरम्यान असेल तर पॉझिटिव्ह शब्द बघून हातपाय गाळू नका. या पट्ट्यातले बरेच रिपोर्ट खोटे निघतात, आणि सीडीसीची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने खात्री केल्याशिवाय निदान करू नये. खात्रीची चाचणी म्हणजे वेस्टर्न ब्लॉट, जिच्यासाठी सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ ओळखलं जातं. आपल्याकडे ती सहज मिळत नाही. व्यवहारात डॉक्टर काही आठवड्यांनी, वेगळं किट वापरणाऱ्या लॅबमध्ये पुन्हा आयजीजी करायला सांगतात. खरी लागण असेल तर आकडा सहसा चढतो, खोटी असेल तर तिथेच घुटमळतो किंवा उतरतो. 'किट कुठलं' हे लॅबला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह आला तर? बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की लहानपणी कुणा आत्या-मावशीने पापा घेतला होता. तो ओठावर आहे की खाली, हे रक्त सांगू शकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आयजीजीवर तारीख नसते. लग्नाला सात वर्षं झालेल्या जोडप्यातल्या एकाची पॉझिटिव्ह आली की दुसरा पहिला प्रश्न विचारतो, "कुणाकडून?" तो कागद याचं उत्तर देत नाही. लागण लग्नाआधीची असू शकते, दहा वर्षांपूर्वीची असू शकते, ज्याला कधीच फोड आला नाही त्या जोडीदाराकडूनच आलेली असू शकते. आमच्या प्रतीक्षाखोलीत, पंख्याखाली, एका जोडप्याला हा कागद मध्ये धरून भांडताना मी पाहिलंय. आकडा होता १.४.

बाकीच्या चाचण्या त्याच कॅलेंडरवर

संबंध धोक्याचा होता तर हर्पिस एकटा नसतो. गोनोरिया आणि क्लॅमिडियासाठी लघवीची किंवा स्वॅबची पीसीआर धर्तीची चाचणी दोन आठवड्यांनी. एचआयव्हीची चौथ्या पिढीची लॅब चाचणी ४५ दिवसांनी भरवशाची, साधी अँटिबॉडी चाचणी ९० दिवसांनी. प्रतिबंधक औषधं घेतली असतील तर वेळापत्रक केंद्रातले डॉक्टर ठरवून देतील. सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही रक्तचाचणी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी. म्हणजे १२-१३ आठवड्यांच्या एकाच फेरीत हर्पिस, एचआयव्ही आणि सिफिलिस, तिन्हींचं पक्कं उत्तर एका टोचणीत मिळू शकतं.

तोवर कंडोम वापरा. फोड दिसला तर संबंध पूर्ण बंद, कारण कंडोम झाकतो तेवढ्यापुरताच उपयोगी. टॉवेल, कमोड, स्विमिंग पूल यांची भीती बाळगू नका. आणि फुकटात तपासणी होईल म्हणून रक्तदान शिबिरात तर अजिबात जाऊ नका. चाचणीत न दिसणाऱ्या काळातलं रक्त दुसऱ्याच्या अंगात जातं.

खर्च आणि गुप्तता

खाजगीत पीसीआर महाग पडते. जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, लैंगिक आजारांसाठी, मोफत. तिथे लक्षणांवरून उपचार करतात आणि औषधं रंगीत पाकिटांतून देतात. हर्पिसच्या जखमेचं पाकीट लाल, त्यात अ‍ॅसायक्लोविर. शेजारीच आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी समुपदेशनासह फुकट होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल फोडताही येत नाही.

खाजगी लॅबमध्ये गुप्तता फुटते ती बहुधा कागदामुळे नव्हे, मोबाइल नंबरमुळे. घरातल्या सगळ्यांच्या शुगरच्या चाचण्यांसाठी बाबांचा नंबर आधीच नोंदलेला असतो, आणि रिपोर्टची पीडीएफ त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन पडते. नोंद करतानाच सांगा: "नवा नंबर टाका, माझा." घरी येऊन सॅम्पल घेणाऱ्याला बोलावण्यापेक्षा स्वतः लॅबमध्ये जा.

तो मुलगा त्या दिवशी रक्त न देताच निघाला, सरकारी रुग्णालयाचा पत्ता घेऊन. दाराशी थांबून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, बोटांवर बारा शनिवार मोजले आणि मोबाइलमध्ये ती तारीख टाकली. नाव काय द्यावं याचा क्षणभर विचार केला, मग लिहिलं: 'गाडीचं सर्व्हिसिंग'.